तीन कोटी तीस लाख माणसं उभी कुठं राहिली?

सप्टेंबर 2025 मध्ये नेपाळात सरकार पडलं, त्या आठवड्यात आमच्या दहावीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तेव्हापासून दर पंधरा-वीस दिवसांनी कुणीतरी तो नव्यानं टाकतंच. वर लाल उद्गारचिन्हांची रांग, मध्ये रात्रीच्या गर्दीचा वरून काढलेला फोटो, खाली ‘इजिप्तकडून शिका’. परवा विट्याला जाताना एसटीत शेजारच्या माणसानं तोच मेसेज मला मोठ्यानं वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी चुलत सासऱ्यांनी. आता उत्तर लिहायलाच पाहिजे.

मेसेज लांबलचक आहे, सार असं: ‘इजिप्तच्या जनतेनं 2011 ला उठाव करून राष्ट्राध्यक्ष मुबारकला घालवलं. मग निवडणूक घेतली तर बहुमतानं कट्टरपंथी मुर्सीला निवडून दिलं. ती निवडणूकही बोगस होती, निकाल तीन दिवस दाबून फिरवला. वर्षात लोकांना चूक कळली, 3 कोटी 30 लाख लोक रस्त्यावर उतरले. लष्करानं जनतेचं ऐकलं, मुर्सीला हटवलं आणि रक्ताचा थेंब न सांडता देश वाचवला. धडा घ्या: उठावानंतर माणसं आपसात फुटतात, अशा वेळी निवडणूक म्हणजे आगीत तेल. आधी पाच-दहा वर्षं कडक माणूस पाहिजे.’

आबानं (ग्रुपवर हा मेसेज सगळ्यात जास्त वेळा टाकणारा तोच) खाली लिहिलं होतं, “गुरुजी, यावर बोला.” मी गुरुजी खराच. पलूस तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं झाली. त्यातली कितीतरी मतदानाच्या ड्युटीत गेली, आधी मतदान अधिकारी म्हणून, मग केंद्राध्यक्ष म्हणून. इजिप्तला मी गेलेलो नाही. पण मतदान केंद्रावर संध्याकाळी सहानंतर काय चालतं, ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि या मेसेजमधली अर्धी गडबड तिथंच आहे.

आधी एक गंमत. पहिला मुद्दा म्हणतो लोकांनीच मुर्सींना निवडून दिलं. दुसरा म्हणतो निवडणूक बोगस होती. दोन्ही एकदम खरं कसं असेल? लोकांनी निवडलं असेल तर दोष लोकांचा, आणि निकाल फिरवला असेल तर लोक निर्दोष. मेसेज लिहिणाऱ्याला दोन्ही हवंय. असो, एकेक घेऊ.

“बहुमतानं निवडून दिलं.”

मे 2012 मधली पहिली फेरी बघा. तेरा उमेदवार. मुर्सींना 57 लाख 65 हजार मतं, म्हणजे झालेल्या मतदानाच्या 24.8 टक्के. दुसरे अहमद शफीक, मुबारकनं जाता जाता नेमलेले पंतप्रधान, 55 लाख, 23.7 टक्के. तिसरे हमदीन सबाही, 48 लाख 20 हजार. चौथे अब्दुल मोनेम अबुल फुतूह, 40 लाख 65 हजार. पाचवे अम्र मूसा, 26 लाखांच्या आत.

आता आपल्याकडच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीचा अनुभव असलेल्या माणसानं हे आकडे पुन्हा वाचावेत. सबाही जुन्या डाव्या-राष्ट्रवादी विचाराचे. अबुल फुतूह हे मुर्सींच्याच मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेतून बाहेर काढलेले आणि तहरीर चौकातल्या (कैरोतला उठावाचा मुख्य चौक) बऱ्याच तरुणांनी उचलून धरलेले. दोघांची बेरीज 88 लाख 85 हजार, मुर्सींपेक्षा 31 लाखांनी जास्त. दोघांतल्या एकानं अर्ज मागं घेतला असता तर अंतिम लढत वेगळीच झाली असती, असं तेव्हापासून इजिप्तमध्ये बोललं जातं. सगळी मतं एकगठ्ठा वळली असती का, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण सबाही दुसऱ्या नंबरपासून पावणेसात-सात लाख मतांनीच मागं राहिले, हे तर कागदावर आहे. दोन पॅनेल उभी राहिली आणि तिसऱ्याच्या गळ्यात माळ पडली, हे आपल्या तालुक्यात कुणाला समजावून सांगायला नको.

मग जूनमधली अंतिम फेरी. एका बाजूला ब्रदरहूड, दुसऱ्या बाजूला मुबारकचा माणूस. उठाव केलेल्यांना दोन्ही नको होते. त्यातल्या पुष्कळांनी जुनी राजवट परत यायला नको म्हणून मुर्सींना मत दिलं. इजिप्तमध्ये अशा मतदारांना नावच पडलंय, ‘लिंबू पिळणारे’. घास उतरत नाही म्हणून वर लिंबू पिळून गिळला, या अर्थानं. काहींनी मुद्दाम मतपत्रिका बाद केल्या. मुर्सींना 51.73 टक्के, शफीक यांना 48.27. फरक 8 लाख 83 हजारांचा, बाद मतं 8 लाख 43 हजार. याला बहुमत म्हणायला माझी ना नाही, कायद्यानं ते बहुमतच. पण ‘इजिप्तच्या जनतेला कट्टरपंथी हवा होता’ हा अर्थ त्यातून काढणं म्हणजे, माझ्या नावडत्या भाजीबरोबर मला आमटीही नको होती म्हणून मी ती भाजी खाल्ली, तर पुढं जन्मभर तीच वाढण्यासारखं आहे. आणि हा अर्थ सगळ्यात आधी कुणी काढला असेल तर खुद्द मुर्सींनी. त्याकडं येतोच.

“निवडणूक बोगस, निकाल तीन दिवस दाबून फिरवला.”

इथं मला जरा सावकाश बोलू द्या, कारण हा माझ्या धंद्याचा विषय आहे.

काही वर्षांपूर्वीच्या एका मतदानाची गोष्ट. वस्तीवरची दोन खोल्यांची शाळा. एका उमेदवाराचा एजंट म्हणून साठीच्या पुढचे एक अण्णा बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर पोराची जुनी चौकटीची वही. प्रत्येक मतदार आत आला की वहीत एक काडी. चार काड्या उभ्या, पाचवी आडवी. दिवसभर तेच. संध्याकाळी मी मशीन बंद करून एकूण आकडा वाचला, 612. अण्णा म्हणाले, “माझ्यात सहाशे अकरा हाईत. मी सही करणार न्हाई.” बाहेर गाडी उभी, झोनलचा फोनवर फोन, माझे सहकारी वैतागलेले. मतदार नोंदवही पुन्हा मोजली. 612. मग त्यांच्याच शेजारी बसलेला दुसऱ्या पक्षाचा पोरगा म्हणाला, “अण्णा, दुपारी तुम्ही इडी वडाय गेला हुता, तवा पाटलाची सून यून गेली.” अण्णांनी वहीत एक काडी वाढवली, टोपी नीट केली आणि 17-सी वर सही केली. सहीची एक प्रत घडी घालून कोपरीच्या खिशात.

17-सी म्हणजे त्या केंद्रावर किती मतं पडली याचा आपल्याकडचा कागद. केंद्राध्यक्षाची सही, एजंटांच्या सह्या, आणि हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला प्रत. कुठल्याही निवडणुकीत निकाल ‘वर’ फिरवायचा असेल, तर खालचे असे हजारो खिसे आधी फिरवावे लागतात.

इजिप्तमध्ये 2012 ला नेमकं हेच होतं, उलट आपल्यापेक्षा एक पाऊल पुढं. मोजणी मतदान केंद्रावरच झाली. न्यायाधीशाच्या देखरेखीखाली, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर. देशभर तेरा हजारांच्या आसपास केंद्रं. म्हणून तर 18 जूनच्या पहाटे, अधिकृत निकालाच्या सहा दिवस आधी, ब्रदरहूडनं आपल्या एजंटांनी पाठवलेल्या आकड्यांची बेरीज करून जिंकल्याचं जाहीर केलं. नंतर 24 जूनला आयोगानं जो आकडा सांगितला तो जवळपास तोच निघाला. निकाल 21 जूनला लागायचा होता, तो तीन दिवस लांबला, हे खरं. त्या तीन दिवसांत कैरोत काय काय अफवा उठल्या असतील, याची कल्पना आपल्याकडं कुठल्याही कारखान्याच्या मतमोजणीच्या रात्री बाहेर उभं राहिलेल्याला येईल. पण तीन दिवसांत आकडा फिरला असता तर तो पहाटेच्या आकड्यापासून लांब जायला हवा होता. तो गेला नाही.

मग निवडणूक स्वच्छ होती का? तसं मी म्हणत नाही. आणि इथंच मेसेजवाल्याला खरा मुद्दा सापडला असता, त्यानं शोधला नाही म्हणून. मोजणी बरी होती. मैदानच तिरकं होतं. एप्रिलमध्ये आयोगानं 23 पैकी 10 जणांचे अर्ज बाद केले. त्यात ब्रदरहूडचा पहिल्या पसंतीचा उमेदवार खैरत अल-शातेर होता, मुबारकचा गुप्तहेर प्रमुख उमर सुलेमान होता, आणि हाझेम अबू इस्माईल हा सलफी (कट्टर धर्मवादी) पुढारी होता, ज्याच्या आईकडं अमेरिकेचं नागरिकत्व निघालं. (मुर्सी हे शातेर यांचे पर्यायी उमेदवार. कैरोत त्यांना ‘स्टेपनी’ म्हणून चिडवायचे. तिथंही गाडीच्या जादा चाकाला स्टेपनीच म्हणतात, हे वाचून मला उगीचच आपलेपणा वाटला होता.) अर्ज बाद झाला तर दाद कुठं मागायची? कुठंच नाही. तात्पुरत्या घटनेचं कलम 28 सांगत होतं की आयोगाच्या निर्णयावर अपील नाही. आयोगाचे अध्यक्ष फारूक सुलतान हेच सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाचेही प्रमुख. आणि त्याच न्यायालयानं अंतिम फेरीच्या दोन दिवस आधी, 14 जूनला, दोन निकाल दिले: शफीक यांना अपात्र ठरवू शकणारा कायदा रद्द, आणि पाच महिन्यांपूर्वी निवडून आलेली संसदही रद्द. 17 जूनच्या रात्री, मतदान संपतंय न संपतंय तोच, मुबारकनंतर कारभार हाती घेतलेल्या लष्करी परिषदेनं कायदे करण्याचा अधिकार स्वतःकडं घेतल्याचा आदेश काढला.

म्हणजे सरपंच निवडायचा दिवस, आणि त्याच रात्री ग्रामसेवक सांगतो की दप्तराची किल्ली यापुढं माझ्याकडंच. निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या कार्टर सेंटरच्या निरीक्षकांनाही तेव्हा पुरेशी मोकळीक मिळाली नाही, आणि एकूण प्रक्रियेबद्दल ठाम निर्वाळा त्यांनी दिला नाही. तक्रारी शेकड्यांनी होत्या, आधीच खुणा केलेल्या मतपत्रिका, काही गावांत ख्रिश्चनांना मतदानापासून अडवलं, वगैरे. ‘वादग्रस्त’ हा शब्द या निवडणुकीला शोभतो. ‘बोगस’ शोभत नाही. बोगस बघायची असेल तर 2010 ची बघा, मुबारकच्या काळातली शेवटची. सत्ताधारी पक्षाला ऐंशी टक्क्यांहून जास्त जागा, आणि दोन-अडीच महिन्यांत तोच पक्ष रस्त्यावरच्या लोकांसमोर पत्त्यासारखा कोसळला.

“वर्षात लोकांना चूक कळली.”

याच्याशी मी निम्मा सहमत आहे. मुर्सींनी 51 टक्क्यांचे 100 टक्के समजले. 22 नोव्हेंबर 2012 ला त्यांनी फर्मान काढलं की आपल्या निर्णयांना कोर्टात आव्हान देता येणार नाही. ज्या कलम 28 विरुद्ध त्यांचा पक्ष ओरडत होता, तेच घरी आणून ठेवल्यासारखं. 5 डिसेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या वाड्याबाहेर दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांवर धावून गेली, मुडदे पडले. त्याच महिन्यात नव्या घटनेवर सार्वमत झालं, 64 टक्के ‘हो’. पण मतदानाला आले होते फक्त तिसरा हिस्सा, आणि खुद्द कैरोनं ‘नाही’ म्हटलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात पेट्रोलच्या रांगा आणि लोडशेडिंग. राग खोटा नव्हता.

पण राग आला तेव्हा लोकांनी मागितलं काय? एप्रिल 2013 मध्ये ‘तमर्रुद’ नावाची सह्यांची मोहीम सुरू झाली. त्या कागदावरची मुख्य मागणी होती, मुदतीआधी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक घ्या. लष्कर पाठवा असं नव्हतं लिहिलेलं. मेसेज म्हणतो निवडणुकीनं घात केला, आणि ज्यांच्या नावानं मेसेज बोलतो ते लोक आणखी एक निवडणूक मागत होते.

“3 कोटी 30 लाख लोक रस्त्यावर.”

आता माझ्या आवडीचा मुद्दा. आमच्या बॅचचा शिवा मंडपवाला आहे. लग्न, जयंती, सभा, सगळं. गर्दी किती होती हे आयोजकाला विचारा, तो लाख सांगेल. विरोधकाला विचारा, पाच हजार. शिवाला विचारा, तो विचारतो, “खुर्च्या का उभी?” कारण त्याचं बिल त्यावर असतं.

शिवाचा हिशेब असा: खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला पावणेतीन चौरस फूट. त्याखाली गेलं की चेंगराचेंगरी. तहरीर चौक सगळा धरून पन्नासेक हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण 5 लाख 40 हजार चौरस फूट. त्यात गच्च भरून 2 लाख माणसं. आजूबाजूचे रस्ते, नाईलवरचा पूल धरला तर दुप्पट-अडीचपट म्हणा. 3 कोटी 30 लाखांना किती लागेल? शिवानं मोबाईलवर गुणाकार करून लिहिलं, “दोन हजार एकर. मधी चहाची टपरीसुदिक न ठेवता.” म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी गावचं अख्खं शिवार ऊस तोडून माणसांनी भरायचं. 165 तहरीर चौक.

मोर्चे एकट्या तहरीरला नव्हते हे मान्य. राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर होते, अलेक्झांड्रियात होते, इतर शहरांतही. 30 जून 2013 ची गर्दी प्रचंड होती, इजिप्तनं क्वचित पाहिली असेल एवढी. पण तेव्हा देशाची लोकसंख्या साडेआठ कोटींच्या आत, त्यात पंधरा वर्षांखालची पोरं जवळपास एक तृतीयांश. राहिलेल्यांत दर दहा माणसांमागं सहा जण त्या संध्याकाळी रस्त्यावर होते, असं हा आकडा सांगतो. अंतिम फेरीचं मतदान दोन दिवस चाललं, तेरा हजार केंद्रांवर, तेव्हा एकूण मतदार आले 2 कोटी 64 लाख. बूथ घराजवळ असून जितके आले नाहीत, त्याहून 66 लाख जास्त एका संध्याकाळी चौकात आले?

तमर्रुदच्या 2 कोटी 20 लाख सह्यांचंही तसंच, तटस्थ पडताळणी झाली नाही. त्या रात्री लष्कराच्या हेलिकॉप्टरांनी चौकावर झेंडे टाकले आणि वरून घेतलेली दृश्यं वाहिन्यांवर फिरली. मेसेजमधला फोटो त्याच थाटाचा. वरून घेतलेल्या फोटोत दिवे दिसतात. अण्णांच्या वहीतली काडी त्यात कुठंच नसते.

“रक्ताचा थेंब न सांडता.”

8 जुलै 2013, रिपब्लिकन गार्डच्या इमारतीबाहेर पन्नासहून जास्त मृत्यू. 14 ऑगस्ट 2013, कैरोतला रबा अल-अदविया चौक. मुर्सी समर्थकांचं ठाण मांडलेलं आंदोलन पहाटेपासून बंदुकीनं मोडलं. ह्युमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेनं वर्षभर चौकशी करून एका त्या चौकात किमान 817 माणसं मारली गेल्याचं नोंदवलं, आणि खरा आकडा हजारावर असण्याची शक्यता सांगितली. मुबारकविरुद्धच्या अठरा दिवसांत सरकारी चौकशी समितीच्या मोजणीनं मेले होते किमान 846. तेवढ्याच्या आसपास एका दिवसात. लष्कराबरोबर सरकारात गेलेले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद अल-बरादेई यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. ज्याच्या घरातलं माणूस त्या चौकातून परत आलं नाही, त्याच्यापुढं हा मेसेज वाचायची आबाची हिंमत होईल का, एवढंच मी ग्रुपवर विचारलं. आबा तासभर ऑफलाइन होता.

“देश वाचवला.”

कुणापासून? ब्रदरहूडपासून म्हणाल, तर वर्षाच्या आत 2011 चा उठाव घडवणाऱ्या ‘6 एप्रिल’ तरुण चळवळीवरही कोर्टानं बंदी घातली आणि तिचा संस्थापक अहमद माहेर तुरुंगात गेला, परवानगीविना निदर्शनं केली म्हणून. ज्यांनी 30 जूनला मुर्सींविरुद्ध घोषणा दिल्या, त्यांच्यातलेच काही जण मुर्सींच्या माणसांबरोबर त्याच तुरुंगांत पोचले.

आणि निवडणुका बंद झाल्या का? नाही ना. मे 2014 मध्ये झाली. मुर्सींना हटवणारे लष्करप्रमुख जनरल सिसी यांना 96.9 टक्के. दोन दिवसांत पुरेसे लोक आले नाहीत म्हणून तिसरा दिवस वाढवला. समोर एकच उमेदवार, आपले तेच सबाही. 2012 ला 48 लाख मतं घेणाऱ्या माणसाला 7 लाख 57 हजार मिळाली. त्याच निवडणुकीत बाद मतं 10 लाख 40 हजार. दोन उमेदवारांच्या शर्यतीत सबाही तिसरे आले. 2018 ला 97 टक्के, आणि तेव्हाचा एकमेव प्रतिस्पर्धी अर्ज भरायच्या थोडंच आधी सिसींच्याच प्रचारात होता. मला या आकड्यांची जास्त भीती वाटते. 51.73 मध्ये भांडण ऐकू येतं. शिव्या ऐकू येतात, बूथवरचा राडा, एजंटांचं ‘मी सही करणार न्हाई’ ऐकू येतं. 97 टक्क्यांत काही ऐकू येत नाही.

“उठावानंतर माणसं फुटतात, म्हणून निवडणूक नको.”

फुटतात, हे शंभर टक्के खरं. ट्युनिशियात फुटली. तिथं 2011 च्या निवडणुकीत एन्नहदा या इस्लामी पक्षाला 217 पैकी 89 जागा, मग 2013 मध्ये दोन विरोधी नेत्यांचे खून, देश पेटायच्या बेतात. तिथं मध्ये पडली कामगार संघटना, तिच्यासोबत उद्योजकांची संघटना, वकील आणि मानवाधिकारवाले. एन्नहदानं सरकार सोडलं, जानेवारी 2014 मध्ये घटना झाली, त्याच वर्षी निवडणूक झाली, एन्नहदा हरला आणि त्यांनी हार मान्य केली. चौघांना मिळून 2015 चं शांततेचं नोबेल मिळालं. पुढं 2021 ला तिथंही राष्ट्राध्यक्षांनी संसद गोठवली, तेही सांगून टाकतो, नाहीतर शेवटी आबाच ते मला ऐकवेल.

पण ट्युनिशियाला जायची तरी काय गरज आहे? आपण राहतो कुठं? सप्टेंबर 1942, वडूजच्या कचेरीवर 9 तारखेला मोर्चा, इस्लामपूरला 10 तारखेला. दोन्हीकडं गोळीबार, दोन्हीकडं हुतात्मे. मग चार वर्षं प्रतिसरकार. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, सगळा साताराच. क्रांतिसिंह नाना पाटील, यशवंतराव चव्हाण, वसंतदादा, जी. डी. बापू लाड, किसन वीर, सगळे त्या एकाच उठावातले. आमच्या आजोबांच्या पिढीत ही नावं एका दमात घेतली जायची, रामायणातली घ्यावीत तशी.

आणि फुटले की. यशवंतराव, वसंतदादा, किसन वीर काँग्रेसमध्ये राहिले. जी. डी. बापू शेकापमध्ये. नाना पाटील आधी शेकाप, मग कम्युनिस्ट. 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर हे एकमेकांसमोर उभे होते, आणि भाषा काही मवाळ नव्हती. त्या वर्षी सातारा लोकसभेतून नाना पाटील कम्युनिस्ट म्हणून निवडून गेले. बापू शेकापकडून विधानसभेत गेले. वसंतदादा सांगलीतून काँग्रेसचे. आणि मुख्यमंत्री असलेले यशवंतराव कराडला जेमतेम निवडून आले, समितीच्या लाटेत अगदी थोडक्यात बचावले. एकाच उठावाची माणसं, एकाच भागातून, एकाच वर्षी, दोन बाजूंनी. 1962 ला साताऱ्याची तीच जागा किसन वीरांकडं गेली, म्हणजे परत प्रतिसरकारातल्याच माणसाकडं, पण दुसऱ्या पक्षाच्या. इथं सगळं गोडगुलाबी होतं असं नाही. गांधीहत्येनंतर 1948 ला याच जिल्ह्यात ब्राह्मणांची घरं जळाली, आणि ती जाळणाऱ्यांनी कुणाच्या मतपत्रिकेची वाट पाहिली नव्हती. पण 1957 चं भांडण मतपेटीत गेलं, मोजलं गेलं, आणि 1962 ला पुन्हा मोजलं गेलं.

यावर सतीशचा मेसेज आला, “गुरुजी, आपलं वेगळं. आपल्याकडं निकाल लागल्यावर संसद रद्द करणारं कुणी नव्हतं.” बरोबर आहे सतीश. मी एवढा वेळ तेच सांगतोय.

आबा ऑनलाइन आला, बराच वेळ ‘टायपिंग’ दाखवत राहिला. मग एकच ओळ: “मग आता तिथं पुढची निवडणूक कधी?”

2019 मध्ये घटना दुरुस्त करून मुदत चारवरून सहा वर्षांची केली. 2023 च्या डिसेंबरात सिसी तिसऱ्यांदा निवडून आले, 89.6 टक्क्यांनी. मुदत संपेल 2030 ला. तोवर त्यांना सोळा वर्षं होतील. मेसेजमध्ये पाच-दहा लिहिलंय, आबा.